कॅम्प लेज्यूनचं दूषित पाणी: आजार तीस वर्षांनी उमटतो, मग भरपाईची मुदत कधीपासून मोजायची?

सावनी_रॅले

नमस्कार. या विषयावर इथे आधीचा धागा सापडला नाही, म्हणून काढते आहे.

नॉर्थ कॅरोलायनात जॅक्सनव्हिल गावाला लागून कॅम्प लेज्यून हा मरीन सैनिकांचा मोठा तळ आहे. १९५३ ते १९८७ या काळात तिथल्या टरावा टेरेस आणि हॅडनॉट पॉइंट या दोन पाणीपुरवठा केंद्रांतून घराघरांत जे पाणी जात होतं, त्यात ड्रायक्लीनिंगची आणि यंत्रांचं वंगण काढायची रसायनं मिसळलेली होती. शिवाय इंधनातलं बेंझीन. सैनिक, त्यांच्या बायका, पोरं, तळावर नोकरी करणारे नागरी कर्मचारी अशा सुमारे दहा लाखांपर्यंत लोकांच्या पोटात ते पाणी गेलं असावं, असा सरकारी अंदाज आहे. पुढे कुणाला मूत्रपिंडाचा कर्करोग, कुणाला ल्यूकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग, कुणाला पार्किन्सन हा कंपवाताचा आजार.

लोक कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, मुदत संपली. इथल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे प्रतिवादीच्या शेवटच्या कृत्यानंतर दहा वर्षं झाली की दावाच लागत नाही, मग आजार अकराव्या वर्षी निघो की तिसाव्या. शेवटी २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने खास कायदा करून कोर्टाचं दार उघडलं, पण दोनच वर्षांसाठी. १० ऑगस्ट २०२४ ला ते बंद झालं.

आमच्या शेजारच्या आजींचे यजमान सत्तरच्या दशकात तिथे दोन वर्षं मरीन म्हणून होते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाने गेले. आजींना या कायद्याचं कळलं ते मुदत टळल्यावर. त्यांनी मला विचारलं की आता काहीच होणार नाही का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझा प्रश्न मूळातला आहे. ज्याने पाणी नासवलं त्यानेच ते सांगितलं नाही, तर घड्याळ कधीपासून सुरू झालं असं धरायचं? कायद्यातली आणि वैद्यकातली जाणकार मंडळी इथे आहेत, त्यांनी जरूर लिहावं.

वाचनवेडा

वाचतोय. गंभीर विषय आहे.

मिलिंद_टेक्सास

या प्रकरणाच्या जाहिराती टीव्हीवर इतक्या लागायच्या की आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांना 'कॅम्प लेज्यून' हे शब्द 'श्रीरामपूर'च्या आधी यायला लागले. आणि मला फोन! मी १९९९ मध्ये अमेरिकेत आलो, नॉर्थ कॅरोलायना अजून पाहिलेलं नाही, तरी "आपण तिथे तीस दिवस राहिला होतात का?" म्हणून पंधरवड्यातून एकदा विचारणा व्हायची.

यातले बरेच फोन लबाडीचे होते. सोशल सिक्युरिटी नंबर मागायचे. सावनी, आजींना सांगून ठेव, फोनवर कुणालाही काही देऊ नका म्हणावं.

भूजलवाला

मी भूजलशास्त्राचा माणूस, म्हणून पाण्यापुरतं लिहितो. हे समजलं की मुदतीचा प्रश्न का पेटला ते आपोआप कळेल.

टरावा टेरेसचं प्रदूषण तळाबाहेरून आलं. रस्त्यापलीकडे एबीसी वन-अवर क्लीनर्स नावाचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. तिथलं पर्क्लोरोएथिलीन, म्हणजे पीसीई किंवा बोलीत 'पर्क', सेप्टिक टाकीतून जमिनीत मुरत गेलं. यंत्राच्या तळाशी साचलेला रसायनाचा गाळ दुकानामागच्या गल्लीतले खड्डे बुजवायला वापरल्याची नोंद आहे. खड्ड्यात टाकलेला तो गाळ दर पावसाला थोडा थोडा खाली उतरायचा, आणि थोड्याच अंतरावर तळाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी उपसा करत होत्या. उपसा जितका जोराचा, तितकं ते रसायन विहिरीकडे ओढलं जाणार.

हॅडनॉट पॉइंटचं प्रदूषण मात्र तळाचंच. जमिनीखालच्या गळक्या इंधनटाक्या, कारखाना विभागातली सांडलवंड, कचरा पुरण्याच्या जागा. तिथे मुख्यतः ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई. हे द्रव पाण्यापेक्षा जड असतात. तेलासारखे वर तरंगत नाहीत, खाली बसतात आणि मातीच्या थरांत अडकून वर्षानुवर्षं पाण्यात थोडे थोडे विरघळत राहतात. या प्रमाणात ना रंग, ना वास, ना चव. घरातल्या बाईला नळ सोडून कळायचा काही मार्गच नव्हता.

आकडे सांगतो. मे १९८२ मध्ये हॅडनॉट पॉइंटच्या पाण्यात टीसीई लिटरमागे १,४०० मायक्रोग्रॅम आढळलं. फेब्रुवारी १९८५ मध्ये टरावा टेरेसला पीसीई २१५ मायक्रोग्रॅम. आजची मर्यादा दोन्हींना ५ मायक्रोग्रॅम आहे.

अजून एक, हे फक्त पिण्यापुरतं नाही. ही रसायनं हवेत पटकन उडतात. गरम पाण्याची आंघोळ, बंद न्हाणीघर, वाफ, की श्वासातूनही आत जातात.

पेठकर

भूजलवाला, प्रतिसाद आवडला. अवांतर विचारतो: आपल्याकडे लॉन्ड्रीवर 'पेट्रोल वॉश' लिहिलेलं असतं ते हेच का? आमची आई शालू तिथेच टाकते.

भूजलवाला

पेठकर, नाही. पेट्रोल वॉशमध्ये पेट्रोलियमपासून काढलेला पातळ द्रव असतो. त्याचा धोका मुख्यतः आगीचा. पर्क वापरणारी यंत्रं वेगळी, तीही आपल्याकडे आहेत. शालू घरी आणल्यावर एक दिवस मोकळ्या हवेत टाका, दोन्ही बाबतीत बरं.

तर्कट

मी थोडा विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नये.

दहा लाख माणसं घेतली, कुठलीही घेतली, तर आयुष्यात त्यांतल्या लाखोंना कर्करोग होणारच. त्यातला पाण्यामुळे कुणाला आणि सिगरेटमुळे कुणाला हे कसं ठरवणार? सत्तरच्या दशकातले सैनिक काय कमी सिगरेटी ओढायचे? दुसरं, टीसीईला ५ ची मर्यादा अमलात आली १९८९ मध्ये. तोवर विहिरी बंदही झाल्या होत्या. जो नियम तेव्हा नव्हताच, तो मोडला म्हणून सरकारला कसं धरायचं? भरपाईचा पैसा आभाळातून पडत नाही, करदात्याचा असतो. मुदतीचे कायदे उगाच केलेले नाहीत. पन्नास वर्षांनी साक्षीदार मेलेले, कागद गहाळ. मग न्याय होतो की अंदाजपंचे वाटप?

वैशाली_नर्स

तर्कट, तुमचा पहिला प्रश्न रास्त आहे आणि त्याच्यावर बरंच काम झालेलं आहे.

तुलनेला कॅलिफोर्नियातला कॅम्प पेंडलटन हा तळ घेतात. तेही मरीनच, वय तेच, कवायत तीच, सिगरेटीही त्याच. फरक पाण्याचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेज्यूनच्या माजी सैनिकांना पार्किन्सनचा धोका पेंडलटनवाल्यांपेक्षा ७० टक्के जास्त आढळला. एकेका माणसाबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही, हे तुमचं बरोबर. पण सबंध पलटणीबद्दल पुष्कळ सांगतो.

मी इथे माजी सैनिकांमध्ये काम करते, म्हणून एक पाहिलेलं लिहिते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. एक गृहस्थ डायलिसिसला येताना दर वेळी प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन यायचे. त्यात त्यांच्या बायकोच्या दोन गर्भपातांचे जुने डिस्चार्ज कागद होते, पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले, मागून चिकटपट्टी लावलेली. बाई तोवर वारल्या होत्या. त्यांनी मला विचारलं होतं, "ती आयुष्यभर म्हणायची माझ्यातच काही दोष असेल. तो दोष तिचा नव्हता हे मी आता कुणाला सांगू?"

पैसे हा त्यातला एक भाग आहे. दोष कुणाचा होता हे कुणीतरी अधिकाराने सांगणं, हा दुसरा.

माजी_सुभेदार

वैशालीताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

तर्कट, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल. नियम नव्हता हे खरं, पण माहिती होती. १९८० च्या शेवटापासून लष्कराच्याच प्रयोगशाळेने पाण्याच्या अहवालांवर शेरे मारले होते की क्लोरीनयुक्त रसायनांनी पाणी फार दूषित आहे. १९८२ मध्ये बाहेरच्या प्रयोगशाळेने तेच सांगितलं. विहिरी बंद करायला सुरुवात झाली नोव्हेंबर १९८४ मध्ये. एप्रिल १९८५ मध्ये टरावा टेरेसच्या रहिवाशांना जे पत्रक वाटलं, त्यात रसायनांचं प्रमाण अगदी अल्प असल्याचं लिहिलं होतं.

मी तीस वर्षं नोकरी केली, बरीचशी ईशान्येला. फौजेत पाणी स्वतः निवडता येत नाही. जिथे पोस्टिंग तिथलं पाणी. हुकुमाने राहतो, हुकुमाने पितो. क्वार्टर मिळालं म्हणून बायको-पोरांना आणतो तेव्हा मनात हाच भरवसा असतो की सीमेवर काय व्हायचं ते मला होईल, इथे ती सुखरूप आहेत. तो भरवसा ज्याने मोडला त्याने 'नियम नव्हता' म्हणावं, हे मला पटत नाही.

सावनी_रॅले

सुभेदारकाका, धन्यवाद. जेरी एन्समिंजर यांच्याबद्दल लिहायलाच हवं. मरीनमध्ये मास्टर सार्जंट होते, नव्या भरतीला कवायत शिकवणारे. त्यांची मुलगी जेनी टरावा टेरेसला आईच्या पोटात होती. सहाव्या वर्षी ल्यूकेमिया निघाला, १९८५ मध्ये नवव्या वर्षी ती गेली. त्यांना कारण कळलं १९९७ मध्ये, तेही टीव्हीवरच्या बातमीतून. बारा वर्षं! म्हणजे दहा वर्षांचं ते घड्याळ, विहिरी बंद झाल्यापासून मोजलं तर, त्यांना काही कळायच्या आतच थांबलेलं होतं. माझा प्रश्न इथूनच येतो.

त्यानंतर या माणसाने आयुष्य याच कामाला वाहिलं. २०१२ मध्ये सैनिक आणि कुटुंबीयांना उपचार देणारा कायदा झाला, त्यातल्या या भागाला जेनीचं नाव आहे.

कोकणची_माणसं

माइक पार्टेन यांचंही लिहा. १९६८ मध्ये त्या तळावर जन्म, वयाच्या ३९ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग. पुरुषाला! तेही या लढ्यातले मोठे कार्यकर्ते झाले. आणि वाईट असं की २०१७ मध्ये माजी सैनिक खात्याने सेवेमुळेच झाले असं गृहीत धरायच्या आठ आजारांची जी यादी केली, तीत स्तनाचा कर्करोग नाही.

अ‍ॅड_कुंदा

उशिरा आले, कोर्टातून सुटका झाली नाही. सावनी, तुझ्या प्रश्नाला कायद्याच्या बाजूने उत्तर देते. लांबेल.

दोन वेगळी घड्याळं आहेत. एक चालू होतं तुम्हाला इजा झाली आणि तिचं कारण कळलं तेव्हा. ते फिर्यादीला आळसापासून रोखतं, आणि त्यात गैर काही नाही. दुसरं चालू होतं प्रतिवादीने शेवटचं कृत्य केलं तेव्हा. त्याला तुमच्या कळण्या-न कळण्याशी देणंघेणं नाही. दहा वर्षांनी प्रतिवादी मोकळा. नॉर्थ कॅरोलायनात हे दुसरं घड्याळ होतं.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सीटीएस विरुद्ध वॉल्डबर्गर या निकालात हेच घड्याळ कायम ठेवलं. ते प्रकरण लेज्यूनचं नव्हतं, त्याच राज्यातल्या ॲशव्हिलच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याजवळच्या विहिरींचं होतं, पण फटका लेज्यूनवाल्यांना बसला. राज्याच्या विधिमंडळाने लगोलग भूजल प्रदूषणाला सूट देणारी दुरुस्ती केली. त्याच वर्षी अपील कोर्टाने सांगितलं, ती मागच्या प्रकरणांना लागू नाही.

शिवाय सैनिकांपुढे वेगळी भिंत होती. १९५० चा फेरेस निकाल. सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिक सरकारवर दावा लावू शकत नाही. म्हणजे बायको-पोरांना दहा वर्षांची भिंत, आणि सैनिकाला दोन्ही. डिसेंबर २०१६ मध्ये अटलांटाच्या कोर्टाने एकत्र केलेले सगळे खटले फेटाळले, आणि जानेवारी २०१९ मध्ये नौदलाने (मरीन त्याच्याच खात्याखाली येतात) हजारो प्रलंबित दावे नाकारले.

२०२२ च्या कायद्याने या भिंती एकदम पाडल्या, म्हणून तो मोठा आहे. १ ऑगस्ट १९५३ ते ३१ डिसेंबर १९८७ यांत तळावर किमान तीस दिवस काढलेले असले पाहिजेत, आईच्या पोटातले धरून. आधी नौदलाकडे अर्ज, सहा महिन्यांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर खटला, तोही नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व जिल्हा कोर्टातच. पुराव्याची पातळीही सैल केली. पाण्यामुळे आजार झाल्याची शक्यता न झाल्याच्या शक्यतेइतकी तरी आहे, एवढं दाखवलं की पुरे. तर्कट, तुमच्या 'कसं ठरवणार'चं कायद्याने दिलेलं उत्तर हेच. पारडी समसमान असतील तर झुकतं माप आजाऱ्याला.

तर्कट

कुंदाताई, हे स्पष्ट झालं, आभार. पण मग दोनच वर्षं का? पन्नास वर्षं दार बंद ठेवायचं आणि उघडायचं ते दोन वर्षांपुरतं? माझा मुदतीला विरोध नाही हे वर लिहिलंच आहे, पण ही मुदत मलाही तोकडी वाटते.

मिलिंद_टेक्सास

नोंद घ्या मंडळी, तर्कट आणि धागाकर्तीचं एकमत झालं! पेढे कोण आणतंय?

पेठकर

माझ्याकडून. चितळ्यांचे.

पण प्रत्यक्षात पैसे किती मिळतात? जाहिरातींवरून वाटतं कोट्यधीश होतात.

अ‍ॅड_कुंदा

पेठकर, सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने झटपट तडजोडीचा पर्याय काढला. मूत्रपिंड, यकृत, मूत्राशय यांचा कर्करोग, ल्यूकेमिया, नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) हे पहिल्या गटात. तळावर वर्षाच्या आत राहिला असाल तर दीड लाख डॉलर, एक ते पाच वर्षं राहिला असाल तर तीन लाख, त्याहून जास्त असेल तर साडेचार लाख. दुसऱ्या गटात पार्किन्सन, मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतला कर्करोग), मूत्रपिंड निकामी होणं, स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक होत जाण्याचा आजार). तिथे एक लाख, अडीच लाख, चार लाख. मृत्यू झाला असेल तर वर एक लाख. यादीत तुमचा आजार नसला तर हा रस्ता नाही.

वकिलाची फी नौदलाकडच्या टप्प्यावर वीस टक्के आणि खटल्यात पंचवीस टक्के यापुढे जाऊ नये, अशी न्याय खात्याची भूमिका. सुरुवातीला काही ठिकाणी चाळीस टक्क्यांचे करार चालले होते. मी स्वतः वकील आहे, तरी सांगते, आजाऱ्याच्या पैशातले चाळीस टक्के घेणं मला अजिबात मान्य नाही.

दावे आले चार लाखांच्या वर. खटले तीन हजारांच्या वर. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने ठरवलं की ज्यूरी मिळणार नाही, न्यायाधीशच निकाल देतील. कायद्याला तीन वर्षं झाली तरी एकाही खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. सत्तरी-ऐंशीच्या घरातली माणसं आहेत ही. दर महिन्याला फिर्यादी कमी होताहेत, त्यांच्या जागी वारसांची नावं लागताहेत. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त राग याचा येतो.

कोकणची_माणसं

आणि भोपाळ? आपण अमेरिकेचं बोलतोय. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, वाढीव भरपाईची उपचारात्मक याचिका मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांतलं भूजल हा तर वायूहून वेगळाच प्रश्न. तिथल्या माणसांना दोन वर्षांचंही दार नाही मिळालं.

भूजलवाला

भोपाळला स्वतंत्र धागा हवा, इथे त्याला न्याय मिळणार नाही. तुम्ही काढा, मी येतो.

लष्करी तळांपुरतं बोलायचं तर हवाईचं रेड हिल पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या नौदलाच्या साठ्यातून विमानाचं इंधन पिण्याच्या पाण्यात गेलं. पर्ल हार्बर परिसरातल्या सुमारे ९३ हजार लोकांचं पाणी ते. पण तिथे नळाला इंधनाचा वास आला, अंगावर पुरळ उठलं, उलट्या झाल्या. लोकांनी त्याच आठवड्यात आरडाओरडा केला, बातम्या झाल्या, साठा कायमचा रिकामा करायचा हुकूम निघाला. मे २०२५ मध्ये कोर्टाने पहिल्या १७ जणांना मिळून ६ लाख ८० हजार डॉलरहून जास्त भरपाई दिली. रक्कम फारशी नाही, पण साडेतीन वर्षांत निकाल. लेज्यूनला वास नव्हता म्हणून सगळं चाळीस वर्षं लांबलं. ज्या विषाचा वास येत नाही त्याला मुदतीचा वेगळाच नियम हवा, असं माझं मत या सगळ्यावरून झालंय.

माजी_सुभेदार

भूजलवाला, अनुमोदन.

आपल्या फौजेचंही सांगतो, कारण कुंदाताईंनी 'झुकतं माप' म्हटलं. अपंगत्वाच्या पेन्शनला आपल्याकडे एकच प्रश्न असतो: आजार लष्करी सेवेमुळे झाला किंवा सेवेने बळावला का? वर्षानुवर्षं मेडिकल बोर्ड एका ओळीत 'सेवेशी संबंध नाही' लिहून फाइल बंद करायचं. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, भरती होताना जवानाच्या कागदावर आजाराची नोंद नव्हती तर तो धडधाकट आला होता असं धरा. नंतर आजार निघाला तर सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम. त्या निकालाच्या जोरावर किती जवानांनी सशस्त्र दल न्यायाधिकरणात पेन्शन मिळवली. माझ्या गावातलेच काही आहेत, सातारा जिल्ह्यात तर घरटी एक फौजी.

पण ते झालं जवानापुरतं. क्वार्टरमध्ये राहून त्याची बायको आजारी पडली, पोर आजारी पडलं, तर कोणत्या कागदावर लिहायचं? लेज्यूनच्या कायद्यात घरच्या माणसांना धरलंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

वाचनवेडा

सुभेदारसाहेब, हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

कुंदाताई, आपल्याकडे असं घडलं तर मुदत काय?

अ‍ॅड_कुंदा

हरित न्यायाधिकरणाचा २०१० चा कायदा आहे, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. त्याच्या कलम १५ खाली भरपाईचा अर्ज कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून पाच वर्षांत करायचा, सबळ कारण असेल तर वर साठ दिवस. वाचायला पाच वर्षं भरपूर वाटतात. तीस वर्षांनी निघणाऱ्या कर्करोगापुढे ती काहीच नाहीत, आणि 'पहिल्यांदा उद्भवलं' कधी यावरच सगळा वाद रंगणार.

दिवाणी दाव्यांना मात्र १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १७ आहे. प्रतिवादीने कपटाने गोष्ट दडवली असेल, तर ती उघड होईपर्यंत, किंवा वाजवी प्रयत्नाने उघड होऊ शकली असती तोपर्यंत, मुदत सुरूच होत नाही. सावनी, तुझ्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर तेच. दडवणाऱ्याला दडवण्याचा फायदा मिळता कामा नये. ज्या दिवशी सरकारने घरी पत्र पाठवून सांगितलं की तुम्ही हे पाणी प्यायलात, त्या दिवसापासून घड्याळ. टीव्हीवर बातमी लागली त्या दिवसापासूनही नको.

तर्कट

पत्र पोचलं हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. मान्य.

वैशाली_नर्स

सावनी, तुझ्या आजींबद्दल. अगं, सगळी दारं बंद नाहीत!

ऑगस्ट २०२४ ला संपली ती खटल्याची मुदत. माजी सैनिक खात्याच्या लाभांना ती लागू नाही. २०१७ पासून मूत्रपिंडाचा कर्करोग त्या आठ आजारांत आहे. तळावर तीस दिवस काढलेल्या सैनिकाला तो झाला तर सेवेमुळेच झाला असं गृहीत धरतात, वेगळा पुरावा मागत नाहीत. सैनिक त्याच आजाराने गेला असेल तर पत्नीला दरमहा वारस भरपाई मिळू शकते. त्यासाठी विधवा पत्नीने अर्ज करायचा, आणि त्या अर्जाला अशी शेवटची तारीख नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलंय ते आधी बघ. 'हृदयक्रिया बंद पडली' एवढंच असेल तर डॉक्टरांच्या जुन्या नोंदी जोडाव्या लागतील.

आणि पैसे देऊन कुणाकडून फॉर्म भरून घेऊ नका. काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, माजी सैनिक सेवा अधिकारी असतात, ते फुकट भरून देतात.

सावनी_रॅले

वैशाली, हे वाचून लगेच शेजारी जाऊन आले. दाखल्यावर मूत्रपिंडाचा कर्करोग स्पष्ट लिहिलेला आहे. लग्नाचा दाखलाही आहे. पण सेवेच्या कागदावर तळाचं नाव नाही, फक्त पलटणीचं आहे. आणि आजींना कुणीतरी सांगितलंय की सैनिकांचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या सेंट लुइसच्या अभिलेखागाराला १९७३ मध्ये आग लागली, त्यात सगळं जळलं, त्यामुळे शोधू नका.

माजी_सुभेदार

सावनी, ती आग खरी, पण त्यात जळले ते भूदलाचे आणि हवाईदलाचे कागद. मरीनचे नाहीत. आजींना सांग, मागवा. पलटणीचं नाव आणि वर्ष असलं की ती पलटण कुठे होती हे काढता येतं.

वैशाली_नर्स

आणि त्या काळात तळाच्या पत्त्यावर आलेलं एखादं पत्र, बाळाच्या जन्माचा दाखला, शाळेचा कागद, काहीही असेल तर काढून ठेव. मूळ प्रत कुणाला देऊ नका, झेरॉक्सच द्या.

सावनी_रॅले

त्यांच्या थोरल्या मुलीचा जन्म तिथलाच आहे. उद्या दाखला शोधतो आम्ही. सोमवारी काउंटीच्या ऑफिसात मीच घेऊन जाते त्यांना, काय झालं ते इथे लिहीन.

मिलिंद_टेक्सास

त्या मुलीलाही सांग, सावनी. जन्म तिथला म्हणजे २०१२ च्या कायद्याखाली पंधरा आजारांच्या उपचाराचा खर्च तिलाही मिळू शकतो. तिची तब्येत कशी आहे?